गिरमिटाचा कागद आणि फर्ग्युसनचे प्राध्यापक

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे नाव आपल्या घराघरांत पोचले आहे ते गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या लहानपणीची एक गोष्टही असते. घरून सोडवून आणलेल्या गणिताबद्दल गुरुजींनी शाबासकी दिली, तेव्हा ते दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते असे सांगून हा मुलगा रडला, अशी ती गोष्ट. परंतु ज्यांचे आजे-पणजे गिरमिटावर परमुलखात गेले, त्यांच्यासाठी गोखल्यांची ओळख याहून जवळची आहे. गिरमिटाची पद्धत मुळापासून बंद करा, असा ठराव ज्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मांडला ते हेच गोखले. आणि तो ठराव मांडण्याआधी जवळजवळ अठरा वर्षे ते पुण्यात मास्तर होते. आधी शाळेत, मग कॉलेजात. कॉलेजात त्यांनी प्रथम शिकवले ते इंग्रजी.

गिरमिट हा शब्द आपल्याला वारशाने मिळालेला आहे, तेव्हा त्याबद्दल थोडे आधी सांगते. कराराला इंग्रजीत अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. ज्यांना तो कागद वाचता येत नव्हता त्यांच्या तोंडी त्या शब्दाचे गिरमिट झाले आणि त्या कागदाने बांधलेला तो गिरमिट्या. मराठीत सुताराच्या भोक पाडायच्या हत्यारालाही गिरमिटच म्हणतात. तो शब्द वेगळ्या वाटेने आलेला आहे, पण आमच्या वर्गातली मुले दोन्ही अर्थ ऐकल्यावर हसत नाहीत, गप्प होतात. पाच वर्षांचा करार, कागद इंग्रजी, खाली अंगठा. त्या कागदाची भाषा ज्याला पुरती येत होती असा एक कोकणातला माणूस पुढे त्या कागदाविरुद्ध उभा राहिला.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या कोतळूक गावचा. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळे याच रत्नागिरी जिल्ह्यात आणि शेजारच्या मुलखात आहेत. जमीन थोडी, डोंगर फार, आणि पावसाळा संपला की पोटासाठी बाहेर पडायचे, ही तिथली रीत. कोणी मुंबईला गेले, कोणी पलटणीत, कोणी बोटीत बसले. गोखल्यांचे वडील कृष्णराव नोकरीसाठी घाट चढून कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात गेले. तिथे आधी कारकून, मग फौजदार. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंदराव याने स्वतःचे शिक्षण सोडले आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये तो धाकट्याला शिकायला पाठवी. उरलेल्या सातांत सगळे घर. पुढे कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने काढून दिले असे सांगतात. थोर माणसांच्या चरित्रात अशा भावाला आणि वहिनीला एकेक ओळ मिळते, म्हणून मी इथे दोन-तीन लिहिल्या.

गोपाळ हाताने स्वयंपाक करून, पैसा पैसा मोजून शिकला. १८८१ साली मॅट्रिक झाला. नंतर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन. एल्फिन्स्टनला तेव्हा वर्ड्सवर्थ नावाचे प्राध्यापक होते. इंग्रज कवी वर्ड्सवर्थ यांचे ते नातू. इंग्रजी साहित्य त्यांच्याकडून ऐकायला मिळणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती. १८८४ साली, अठराव्या वर्षी, गोपाळराव बी.ए. झाले. त्या काळी अठराव्या वर्षी बी.ए. झालेल्या ब्राह्मणाच्या मुलापुढे सरकारी नोकरी हात जोडून उभी असे. भावाने इतके सोसलेले, घरची अपेक्षाही तीच. इंजिनिअर व्हावे, वकील व्हावे, असे विचार झाले, थोडे प्रयत्नही झाले. शेवटी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर मास्तर झाले.

ती शाळा साधी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी १८८० साली काढलेली. सरकारवर न अवलंबता आपल्या लोकांनी आपल्या मुलांना शिकवायचे, असा तिचा बाणा. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली तिचे फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीचा जो आजीव सभासद होई त्याने वीस वर्षे शिकवायचे, मोठ्या पगाराकडे पाहायचे नाही, अशी अट होती. पगार पुढे वाढून महिना पंचाहत्तर रुपये झाला आणि निवृत्तीनंतर तीस रुपये पेन्शन. १८८६ साली, विसाव्या वर्षी, गोखल्यांनी ही अट पत्करली. मी स्वतः प्राथमिक शाळेची शिक्षिका आहे. पगारवाढीच्या चर्चेत माझीही बरीच वर्षे गेली. त्यामुळे विसाव्या वर्षी वीस वर्षे लिहून देणारा हा मुलगा मला थोडा गिरमिट्यासारखाच वाटतो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की त्याला कागद वाचता येत होता आणि त्याने तो वाचून सही केली होती.

फर्ग्युसनमध्ये त्यांच्याकडे आधी इंग्रजी आले. शिक्षक म्हणून ते कसे होते? त्यांच्या चाहत्यांनीही त्यांना जन्मजात शिक्षक म्हटलेले नाही. आगरकर वर्गात शिरले की मुले भारून जात. टिळक गणित खडूशिवाय तोंडी सोडवून दाखवत, ज्याला कळले त्याला कळले. गोखल्यांपाशी अशी जादू नव्हती. त्यांच्यापाशी तयारी होती. जे शिकवायचे ते घरी इतके वाचायचे की पाठ व्हावे. त्यांचे पाठांतर तर प्रसिद्धच होते. एडमंड बर्क या ब्रिटिश मुत्सद्द्याचा फ्रेंच राज्यक्रांतीवरचा ग्रंथ त्यांनी पानेच्या पाने मुखोद्गत केला होता. आजच्या शिक्षणशास्त्रात पाठांतराला नाव ठेवायची पद्धत आहे. आम्हाला प्रशिक्षणात तसेच शिकवले. परंतु परकी भाषा घोटून घोटून आपली करण्याचा दुसरा रस्ता त्या काळच्या कोकणी मुलाजवळ नव्हता. घरात ती भाषा नाही, गल्लीत नाही. वाक्य कुठे वळते, कुठे थांबते, कुठल्या शब्दावर भार येतो, हे तो पाठ करूनच शिकला आणि तसेच त्याने शिकवले.

पुढे १८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटी सोडली. टिळक गेले तसे गणित कोणी शिकवायचे हा प्रश्न आला आणि ते गोखल्यांकडे आले. काही वर्षांनी इतिहास आणि अर्थशास्त्र. जो विषय अडेल तो गोखल्यांना द्या, असे होऊन बसले आणि त्यावरून त्यांची थट्टाही होई. लहान शाळेत काम केलेल्या कुणाही बाईला हे ओळखीचे वाटेल. गणिताचे शिक्षक रजेवर गेले की चित्रकलेच्या बाई वर्गावर. गोखल्यांनी मात्र त्या अडचणीतून अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तक उभे केले. ते देशभर वर्षानुवर्षे चालले आणि त्याच्या उत्पन्नावर त्यांचा संसार बराचसा निभावला. एका बाजूने इंग्रजी वाक्याची शिस्त, दुसऱ्या बाजूने आकड्यांची. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या त्या अशा, कॉलेजच्या अडचणीमुळे.

तिसरी शिस्त न्यायमूर्ती रानड्यांची. १८८७ पासून गोखले त्यांच्याकडे जाऊ लागले आणि १९०१ साली रानडे वारले तोपर्यंत, चौदा वर्षे, ही शिकवणी चालू होती. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, त्यावर अर्ज किंवा लेख इंग्रजीत लिहून न्यायमूर्तींपुढे ठेवायचा. पसंत पडला नाही की पुन्हा लिहायचा. दिवसा कॉलेजात मुलांच्या वह्या तपासणारे प्राध्यापक संध्याकाळी स्वतःची वही घेऊन उभे राहत. याच काळात सार्वजनिक सभेचे चिटणीसपण आले, तिच्या त्रैमासिकाचे संपादन आले, आगरकरांच्या सुधारकात इंग्रजी मजकूर लिहिणे आले. सुट्ट्यांत कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडणेही त्यांच्याकडेच होते.

घरातली एक बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. त्यांचे पहिले लग्न लहानपणीच झाले होते. ती पत्नी असाध्य दुखण्याने आजारी असताना घरच्यांच्या आग्रहाखातर त्यांनी दुसरे लग्न केले. समाजसुधारणेची बाजू घेणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले, आणि विरोधकांनी ते त्यांना विसरू दिले नाही. त्या काळची रीत होती असे म्हणून मला ते झाकावेसे वाटत नाही. दुसऱ्या पत्नीही लवकर गेल्या. मागे दोन मुली राहिल्या.

१८९७ साल त्यांच्या आयुष्यातले सर्वांत कठीण. वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला ते विलायतेस गेले. एकतीस वर्षांच्या या प्राध्यापकाने आकड्यांच्या जोरावर उलटतपासणीत टिकून दाखवले आणि तिकडे नाव मिळवले. त्याच वेळी पुण्यात प्लेग आणि प्लेगच्या बंदोबस्तातला सोल्जरांचा धुमाकूळ चालू होता. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून कळवले. गोखल्यांनी ते विश्वासाने तिथल्या वर्तमानपत्रातून जाहीर केले. पार्लमेंटात खळबळ झाली, पुरावा मागितला गेला. परत आल्यावर पाहतात तर पुराव्याला उभे राहायला कोणी तयार नाही. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती तर स्वतःची मान सुटली असती. ती त्यांनी सांगितली नाहीत. बिनशर्त जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली, काँग्रेसच्या मंडपातही लोक त्यांच्याकडे पाठ फिरवू लागले. माफी मागायला नको होती असे म्हणणारे आजही आहेत, आणि सोल्जरांचे वर्तन निर्दोष होते असे कोणी म्हणू नये. पण सिद्ध न होणारे एक वाक्य किती महाग पडते, हे गोखल्यांनी तेव्हा पुरते शिकले असावे. यानंतरच्या त्यांच्या भाषणांत हाती कागद नसलेले विधान शोधूनही सापडणे कठीण.

आणि ती भाषणे आता कॉलेजच्या बाहेर होऊ लागली होती. आधी मुंबईचे कायदेमंडळ, मग १९०१ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर निवड. १९०२ साली त्यांनी फर्ग्युसनचा निरोप घेतला. त्यांचे विद्यार्थी र. पु. परांजपे, केंब्रिजला गणितात पहिले आलेले, त्याच सुमारास कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. २६ मार्च १९०२ ला गोखल्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण झाले. सरकार शिल्लक दाखवून खूश होते. गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले की ही शिल्लक भरभराटीची नव्हे, गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेल्या कराची आहे. मिठावरचा कर तर सर्वांत गरिबाच्या भाकरीवर बसतो, हे ते वर्षामागून वर्ष सांगत राहिले. १९०३ साली तो कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि पुढे आणखी उतरला. आवाज न चढवता, विशेषणे न उधळता, एकेक आकडा पुढे ठेवत जायचे, ही त्यांची पद्धत. कौन्सिलमधले इंग्रज अधिकारी घरून तयारी करून येऊ लागले ते यांच्या धास्तीने.

१९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच साली बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. टिळकांशी मतभेद, सुरतेची फूट, हे सगळे राजकारण इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. मी ते इथे सोडून देते.

आता आपल्या गोष्टीकडे. गुलामगिरी गेल्यावर ब्रिटिश वसाहतींतल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. मॉरिशस, गियाना, त्रिनिदाद, जमैका, नाताळ, फिजी, अशा ठिकाणी हिंदुस्थानातून माणसे जाऊ लागली. १८३४ पासून मॉरिशसला, १८६० पासून नाताळला. कराराची भाषा साळसूद होती. परंतु काम चुकले, गैरहजर राहिले, मळा सोडून गेले, तर तो गुन्हा आणि त्याला तुरुंग. मजूर आणि मालक यांच्यातला व्यवहार फौजदारी कायद्याखाली. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायच्या असा नियम, त्यातून बराकींत काय काय झाले असेल ते सांगायला नको. नाताळात तर करार संपल्यावर जो परत जाणार नाही आणि पुन्हा गिरमिटही करणार नाही त्याच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. बायकोवर वेगळा, वयात आलेल्या मुलाबाळांवर वेगळा. गिरमिटाचा पगार महिना दहा शिलिंगपासून सुरू होई. वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे एका माणसाचा कर सहा महिन्यांच्या पगाराइतका. हे गणित मी मॉरिसव्हिलच्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात फळ्यावर मांडून दाखवते. नवराबायको आणि दोन मोठी मुले धरली की मुले आपणच बेरीज करतात आणि मग विचारतात की ते खायचे काय.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी कौन्सिलात ठराव मांडला की नाताळला गिरमिटाचे मजूर पाठवणे बंद करावे. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा लढा चालू होता, तिकडून हेन्री पोलाक हिंदुस्थानात येऊन माहिती देत हिंडत होते. सरकारने ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. मॉरिशसची भरतीही याच सुमारास, लंडनमधल्या सँडरसन समितीच्या अहवालानंतर, बंद पडली.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. आता एका वसाहतीचा प्रश्न नव्हता. पद्धतच बंद करा, सगळीकडची. त्या भाषणात त्यांनी कराराची एकेक कड उलगडून दाखवली. माणूस कुठे जायचे ते जाणत नाही, कोणासाठी राबायचे ते जाणत नाही, कराराची भाषा आणि तिथला कायदा त्याला ठाऊक नाही, मध्येच सुटका नाही, आणि चुकला तर शिक्षा मात्र आहे. शिक्षा होते हे कलम त्याला भरतीच्या वेळी समजावून सांगितलेच जात नाही. मग याला करार कसे म्हणायचे? आत्महत्यांचे आकडे, खटल्यांचे आकडे, सरकारच्या आणि वसाहतींच्या अहवालांतूनच काढलेले. मूठभर माणसे पाच वर्षांनी जमीन घेऊन सुखी झाली, असे सरकारी बाजू सांगत होती. गोखल्यांचे म्हणणे असे की काहींचे बरे झाले म्हणून पद्धत बरी ठरत नाही. एखाद्या राष्ट्राची माणसे अशी पाठवली जातात यानेच त्या सबंध राष्ट्राची मान खाली जाते.

हे भाषण कोणी वाचले तर एक गोष्ट ध्यानात येईल. वर्गात उतारा शिकवताना शिक्षक शब्द धरतो, त्याचा अर्थ विचारतो, मग पुढच्या शब्दाकडे जातो. इथे उतारा होता गिरमिटाचा कागद. करार हा शब्द धरला, स्वखुशी हा शब्द धरला, आणि एकेकाचा अर्थ सरकारलाच विचारला. आपल्या पणज्याने ज्या कागदावर न वाचता अंगठा उठवला, तो शेवटी कोणीतरी पुरता वाचला, असे मला वाटते.

मतदान झाले. ठरावाच्या बाजूने २२, विरुद्ध ३३. कौन्सिलात सरकारी सभासदांचेच बहुमत असल्यामुळे ठराव पडला. हा ठराव मान्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहील, असे गोखल्यांनी तिथेच बजावले.

पंधराच दिवसांनी, १९ मार्चला, त्यांचे दुसरे मोठे काम याच सभागृहात पडले. प्राथमिक शिक्षणाचे विधेयक. आदल्या वर्षी त्यांनी ते मांडले होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठवणे स्थानिक संस्थांनी सक्तीचे करावे, तेही जिथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील तिथेच. ज्याची मिळकत महिना दहा रुपयांच्या आत आहे त्याच्याकडून फी घ्यायची नाही. किती जपून, किती थोडे मागितले होते! मुलींचा समावेश सुरुवातीला नाही, याबद्दल आज वाचताना चुटपुट लागते. तरीही ते विरोधकांना जास्तच वाटले. सरकार खर्चाला नाही म्हणाले. काही जमीनदारांना भीती की मुले शिकली तर शेतावर राबणार कोण. १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक गेले. एकाच महिन्यात दोन पराभव. गिरमिटाचा ठराव आणि शाळेचे विधेयक यांचा संबंध गोखल्यांनी कुठे जोडून दाखवला की नाही, हा भाग वेगळा. मला मात्र ते एकच काम दिसते. वाचता येत नाही म्हणून अंगठा, आणि अंगठा म्हणून गिरमिट.

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी, गोखले केपटाऊनला उतरले. प्रकृती तेव्हाच ढासळलेली, मधुमेह होताच. गांधीजी महिनाभर त्यांच्या सावलीसारखे राहिले. जोहान्सबर्गच्या मेजवानीला जाताना गोखल्यांना आपला उपरण्याचा पट्टा इस्त्री करून हवा होता. तो रानड्यांनी दिलेला, जिवापाड जपलेला. तो दुसऱ्याच्या हाती द्यायला मन होईना, तरी गांधीजींनी तो स्वतः इस्त्री करून दिला. गुरूने दिलेले वस्त्र अंगावर घेऊन हा माणूस दूरदेशी गिरमिटियांची बाजू मांडायला उभा राहिला, एवढेच मला त्यातले सांगायचे आहे.

आणि आता जी गोष्ट सांगते ती आपल्या स्मरणिकेत यायलाच हवी. गोऱ्यांच्या सभांत गोखले अर्थातच इंग्रजीत बोलत. हिंदी लोकांच्या सभेतही ते इंग्रजीतच बोलतील असे सगळ्यांना वाटत होते. ट्रान्सवालमध्ये कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू अशी काही वस्ती होती. गांधीजींनी सुचवले की या लोकांपुढे मराठीत बोला. दुभाष्याचे काम मी करतो. गोखल्यांना हसू आले. गांधींचे हिंदी त्यांना ठाऊक होते आणि ते काही वाखाणण्यासारखे नव्हते. आता हे गुजराती गृहस्थ आपल्या मराठीचा तर्जुमा करणार! गांधीजी म्हणाले, विषय आपल्या लोकांचा आहे, भाव मी चुकवणार नाही. शेवटी गोखले मराठीत बोलले. कोकणातून गेलेली ती माणसे इतकी सुखावली की त्यानंतर झांझिबारपर्यंतच्या प्रवासात हिंदी लोकांच्या सभांत गोखले मराठीतच बोलत राहिले आणि गांधीजी भाषांतर करत राहिले. ज्या माणसाने बर्क पाठ केला, अठरा वर्षांच्या मास्तरकीची सुरुवात इंग्रजी शिकवण्यापासून केली, ज्याच्या इंग्रजीला व्हाइसरॉयही मान देत, तो समुद्रापलीकडे येऊन आपल्या माणसांशी कोतळूकच्या भाषेत बोलला. त्या सभांत बसलेल्यांपैकी कितीजणांनी आपले मराठी जाहीर सभेत, व्यासपीठावरून, पहिल्यांदाच ऐकले असेल!

प्रिटोरियात ते जनरल बोथा आणि स्मट्स यांना भेटले. तीन पौंडांचा कर उठवू असे आश्वासन मिळाले, असे समजून ते परत आले. गांधीजींना शंका होती आणि ती खरी निघाली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने असे वचन दिलेच नव्हते म्हणून हात वर केले. त्यावर १९१३ साली नाताळातल्या खाणींतले आणि मळ्यांतले हजारो मजूर संपावर गेले, बायका तुरुंगात गेल्या. गोखले इकडे अंथरुणाला खिळण्याच्या बेतात असताना तारांवर तारा पाठवत, गावोगाव निधी गोळा करत राहिले. अँड्र्यूज आणि पिअर्सन या दोघांना त्यांनीच तिकडे धाडले. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला. त्याच वर्षी इंग्रज सरकारने सर ही पदवी देऊ केली. गोखल्यांनी ती नम्रपणे नाकारली.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी मायदेशी परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांना एक वर्ष काही न बोलता देश पाहायला सांगितले. वर्ष संपायला गोखले राहिले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ४८. स्मशानात टिळकांनी भाषण केले आणि आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांचा आदर्श तरुणांपुढे ठेवला.

ठराव पुन्हा येईल असे जे त्यांनी सांगितले होते, तसा तो आला. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी तो त्याच कौन्सिलात मांडला आणि या वेळी व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तत्त्वतः मान्य केला. मार्च १९१७ मध्ये लढाईचे कारण दाखवून गिरमिटाची भरती थांबवली गेली. ती पुन्हा सुरू झाली नाही. फिजीतले उरलेले करार १ जानेवारी १९२० पासून रद्द झाले. त्या दिवशी फिजीच्या मळ्यांवर जे गिरमिटिये होते त्यांतल्या बहुतेकांनी गोखल्यांचे नाव ऐकलेलेही नसेल.